शेजारच्या तारेची कुजबुज

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. अम्मीला घेऊन रेशनच्या दुकानात गेलो होतो. मशीनच्या काचेवर अम्मीने उजवा अंगठा ठेवला. लाल दिवा. 'पुन्हा ठेवा.' पुन्हा ठेवला. मग डावा, मग तर्जनी. प्रत्येक वेळी तेच. मागे रांग वाढत होती आणि अम्मी ओशाळून पदराने बोटं पुसत होती, जणू चूक बोटांचीच. शेवटी माझ्या मोबाईलवर ओटीपी आला आणि धान्य मिळालं.

दुकानातून बाहेर पडल्यावर रिक्षा बघायला मी मोबाईल काढला. पडद्यावर अंगठा टेकवला, अर्ध्या सेकंदात कुलूप उघडलं. अम्मी बघत होती. म्हणाली, "तुझा अंगठा नुसत्या काचेला कळतो, आणि माझा त्या एवढ्या मोठ्या मशीनला कळत नाही?"

मी म्हणालो, "अम्मी, तुझ्या रेषा झिजल्यात."

"झिजल्यात म्हणजे कुठे गेल्यात? आहेत की."

पस्तीस वर्षं धुळ्यात पॉवरलूमच्या कांड्या भरून झिजलेली ती बोटं तिने माझ्यापुढे धरली. उन्हात तिरकी करून पाहिली तर रेषा खरंच होत्या. पुसट, तुटक, पण होत्या. डोळ्याला दिसत होत्या, यंत्राला दिसत नव्हत्या.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. माझे अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्याकडून मी एवढं शिकलो होतो की यंत्राला एखादी गोष्ट 'ऐकू येत नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा ती गोष्ट तिथे नसते असा होत नाही. ती खरखरीत बुडालेली असते. म्हणून मी या खरखरीचा इतिहास शोधायला लागलो. प्रकाश मोजणारी यंत्रं आणि त्यांना छळणारी शेजारच्या विजेची कुजबुज, या दोघांची ही कहाणी आहे. ती बसऱ्यात सुरू होते, मुंबईच्या समुद्रातून जाते आणि आपल्या खानदेशात येऊन थांबते.

अंधाऱ्या खोलीतले दिवे

साधारण एक हजार वर्षांपूर्वी कैरोत एक माणूस अंधाऱ्या खोलीत प्रयोग करत बसला होता. त्याचं नाव अल-हसन इब्न अल-हैसम. जन्म सन ९६५ च्या सुमारास बसऱ्यात. त्याच्या 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथाने पुढे लॅटिनमधून युरोपलाही प्रकाश आणि दृष्टी यांचं शास्त्र शिकवलं. शाळेत आपल्याला न्यूटन शिकवतात, इब्न अल-हैसम शिकवत नाहीत. पण ती तक्रार आज बाजूला ठेवू.

त्याचा एक प्रयोग आपल्या कामाचा आहे. अंधाऱ्या खोलीच्या दाराला एक छिद्र. बाहेर वेगवेगळ्या जागी काही दिवे. आत भिंतीवर जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके पडले. मग त्याने एकेक दिवा झाकला. झाकला त्याच दिव्याचा ठिपका नाहीसा झाला, बाकीचे होते तिथेच राहिले. झाकण काढलं, ठिपका परत आला. सगळ्या दिव्यांचा उजेड एकाच बारीक छिद्रातून गेला होता, तरी एकमेकांत मिसळला नव्हता.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, उजेड उजेडाला ओलांडून जातो, भांडत नाही. दुसरी, कुठला ठिपका कुठल्या दिव्याचा हे कळायला त्याने वापरलेली रीत: दिवा उघडा ठेवून एकदा पाहायचं, झाकून एकदा पाहायचं आणि फरक बघायचा. ही रीत आपल्याला शेवटी पुन्हा भेटणार आहे, तीही मोबाईलच्या काचेखाली.

उजेड भांडत नाही हे खरं. पण उजेड मोजायला आपण त्याची वीज करतो, आणि वीज मात्र शेजाऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय राहत नाही.

मुंबईची केबल आणि सेलेनियमची कांडी

१८७० साल. 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन समुद्राखालून तार टाकली. त्याच वर्षी मुंबई समुद्री तारेने लंडनला जोडली गेली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई ते कलकत्ता रेल्वेमार्गही पूर्ण झाला. तो मार्ग आपल्या जळगाव-भुसावळवरून जाणारा. खानदेशचा कापूस ज्या रुळांवरून मुंबईला जायचा, त्याच रुळांच्या कडेने तारांचे खांब उभे होते.

समुद्रात तार टाकताना ती मध्येच कुठे तुटली किंवा गळती लागली का, हे सतत तपासावं लागे. त्यासाठी फार मोठा विद्युतरोध असलेली वस्तू हवी होती. मुंबईची तार बनवणाऱ्या कंपनीचे विद्युततज्ज्ञ विलोबी स्मिथ यांनी या कामासाठी सेलेनियमच्या कांड्या निवडल्या. पण कांड्या काही सरळ वागेनात. आज एक आकडा, उद्या दुसरा. मापनाला भरवसाच उरला नाही. खोलात गेल्यावर कळलं की कांड्या ठेवलेल्या पेटीचं झाकण बंद असलं की रोध जास्त असतो आणि झाकण सरकवलं की कमी होतो. सेलेनियमला उजेड कळत होता! १८७३ च्या फेब्रुवारीत हे निरीक्षण 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं.

म्हणजे प्रकाशाचा हा विद्युत संवेदक कुणी मुद्दाम शोधला नाही. तो तारेच्या कामातला उपद्रव म्हणून सापडला. तारवाल्यासाठी उजेड ही खरखर होती. सात वर्षांनी, १८८० मध्ये, अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी त्याच सेलेनियमवर 'फोटोफोन' उभा केला आणि उजेडाच्या किरणावरून माणसाचा आवाज पाठवून दाखवला. आता उजेड हाच निरोप झाला. काल ज्याला आपण अडथळा म्हटलं तेच आज कामाचं. खरखर कशाला म्हणायचं आणि निरोप कशाला, हे निसर्ग ठरवत नाही, ऐकणारा ठरवतो.

आपल्या जगदीशचंद्र बोस यांचंही उदाहरण आहे. गॅलिना, म्हणजे शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाचं त्यांचं उपकरण बिनतारी लहरीही ओळखे आणि प्रकाशही. त्यांनी त्याला कृत्रिम डोळ्याची उपमा दिली होती. १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज केलेलं आणि १९०४ मध्ये मंजूर झालेलं त्याचं पेटंट आहे. पेटंटच्या नावात त्या उपकरणाला 'विद्युत-क्षोभ ओळखणारं' असं म्हटलं आहे. एकच स्फटिक उजेडही ऐकतो आणि विजेची लहरही. गुण म्हणून पाहिलं तर मोठाच. पण फक्त उजेडच ऐकायचा असेल तर? तर तोच गुण डोकेदुखी होतो.

बुधवारी रात्री आठ वाजता

आता धुळ्याला येऊ. अब्बांचं दुकान आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत होतं. एका बाजूला शिंपीकाका, मागच्या बाजूला पॉवरलूम. शिंपीकाकांनी शिलाई मशीनला मोटर बसवली होती. ती चालू झाली की आमच्या रेडिओत कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज यायचा. पॉवरलूमचा स्विच पडला की वेगळाच 'खाट्' आवाज. अब्बांना आवाजावरून कळायचं की कोणी काय चालू केलं.

अब्बांकडे यावर चार इलाज होते. पहिला, रेडिओ फिरवून बघणे. आतल्या फेराइटच्या कांडीला दिशा असते. खरखर येते त्या बाजूला तिचं टोक केलं की खरखर पुष्कळ कमी होते. दुसरा, शिंपीकाकांच्या मोटरलाच एक कपॅसिटर जोडणे, म्हणजे ठिणगीचा उपद्रव जन्मतो तिथेच जिरतो. तिसरा, पत्र्याचं वेष्टन घालून ते जमिनीला अर्थ करणे. आणि चौथा इलाज विजेचा नव्हताच. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' लागायची. शिंपीकाका स्वतः पायडलवरून पाय काढायचे आणि ओरडायचे, "वस्ताद, आठ वाजनात बरं!" मग मशीन बंद आणि काका आमच्या फळीवर येऊन बसलेले. शॉर्टवेव्हवरचा तो आवाज एरवी लाटांसारखा खालीवर व्हायचा, पण तेवढा एक तास त्यात मोहरी तडतडायची नाही.

हे चारही इलाज आज मोबाईलच्या पडद्यात आहेत असं मी सांगितलं तर अब्बांनी विश्वास ठेवला नसता. पण तसं आहे.

हीच गोष्ट मोठ्या आकारात भुसावळला घडली होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या भागातल्या रेल्वेचं विद्युतीकरण झालं. मुंबईकडे इगतपुरीपर्यंत १५०० व्होल्टची एकदिश वीज होती. इगतपुरीच्या अलीकडे, आपल्या बाजूला, २५ हजार व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज आली. म्हणून कित्येक वर्षं इगतपुरीला इंजिन बदलावं लागे. जुन्या प्रवाशांना तिथला चहा आठवत असेल.

२५ हजार व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी तार रुळांवरून धावायला लागली की तिच्या बाजूने जाणाऱ्या टेलिफोनच्या उघड्या तारांत आपोआप वीज उमटते. स्पर्श लागत नाही. नुसतं समांतर धावणं पुरतं. बोलणाऱ्याच्या कानात घुंघुं आवाज, आणि इंजिनाने जोर घेतला की तारेवर काम करणाऱ्याच्या जिवालाही धोका. म्हणून रुळांकाठच्या उघड्या तारा काढून धातूचं वेष्टन असलेल्या केबल जमिनीखाली गेल्या. तारांच्या जोड्या एकमेकींना पीळ देऊन वळलेल्या असतात, कारण पीळ दिला की बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि दोघींतला फरक घेतला की वजा होऊन जातो. ही पीळाची युक्ती बेल यांनी १८८१ मध्येच पेटंट केली होती.

सिग्नलवाल्यांची युक्ती मला सगळ्यात आवडते. रुळावर गाडी आहे की नाही हे ओळखायला रुळांतूनच एक बारीक प्रवाह सोडतात. त्याच रुळांतून इंजिनाची प्रचंड वीजही परतते. मग त्या बारीक प्रवाहाची ओळख पटावी कशी? जिथे इंजिनं एकदिश विजेवर चालत, त्या मुंबईच्या बाजूला सिग्नलचा प्रवाह उलटसुलट ठेवला. जिथे इंजिनं उलटसुलट विजेवर चालतात, त्या आपल्या बाजूला तो मुख्यतः एकदिश ठेवला. शेजारी ज्या भाषेत ओरडतो, त्या भाषेत आपण बोलायचंच नाही.

काचेतला ताना-बाना

आता मोबाईलच्या काचेकडे. धुळे-मालेगावच्या माणसाला हा पडदा समजावून सांगणं सोपं आहे, कारण तो मागावरच्या कापडासारखाच आहे. उभ्या तारा म्हणजे ताना, आडव्या तारा म्हणजे बाना. दोघे जिथे ओलांडतात तिथे एक ठिपका आणि त्या ठिपक्याला एक सूक्ष्म स्विच. आडव्या तारा एकामागून एक जाग्या होतात, जसा धोटा एकेक फेरी मारतो. त्या ओळीतल्या ठिपक्यांनी किती उजळायचं ते उभ्या तारा सांगतात. अमेरिकेत वेस्टिंगहाऊस कंपनीत टी. पीटर ब्रॉडी आणि सहकाऱ्यांनी असा द्रवस्फटिकाचा सहा इंची चौकोनी पडदा बनवला. त्याचा शोधनिबंध छापून आला १९७३ मध्ये, सेलेनियमच्या निरीक्षणानंतर बरोबर शंभर वर्षांनी. त्यात इंचाला वीस ओळी होत्या, म्हणजे १२० गुणिले १२०, चौदा हजार चारशे ठिपके.

आजच्या साध्या मोबाईलमध्ये २४०० ओळी असतात आणि सेकंदाला किमान साठ वेळा अख्खं कापड नव्याने विणलं जातं. भागाकार करून पाहा: एका ओळीच्या वाट्याला सुमारे सात मायक्रोसेकंद येतात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांतले सात.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे कापड उजेड देतं, तर त्याच कापडाने उजेड घ्यावाही. २००७ मध्ये शार्प कंपनीने ठिपक्या-ठिपक्यात प्रकाश संवेदक विणलेला द्रवस्फटिकाचा पडदा जाहीर केला. काचेवर कार्ड ठेवलं तर काच ते वाचणार. २००९ मध्ये याच तत्त्वाचा छोटा पडदा त्यांनी लॅपटॉपच्या टचपॅडच्या जागी बसवला. २०११ मध्ये सॅमसंग आणि मायक्रोसॉफ्ट यांनी टेबलाएवढा ४० इंची पडदा दाखवला. पडद्यातच अवरक्त प्रकाशाचे संवेदक होते. खोलीतला प्रखर उजेड मात्र त्याला मानवत नसे. २०१८ च्या सुरुवातीला विवो कंपनीने काचेखाली बोटाचा ठसा वाचणारा फोन बाजारात आणला. त्यात पडदा स्वतःच बोटावर उजेड टाकतो, तो परतून ठिपक्यांच्या फटींतून खाली येतो आणि तिथला संवेदक तो टिपतो. आज जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असे फोन दुकानोदुकानी मिळतात.

ऐकायला सोपं वाटतं. आता अडचण पाहा. एका सूक्ष्म संवेदकातून उजेडाने निर्माण होणारा प्रवाह फार क्षीण असतो. समजा तो एक पिकोअँपिअर आहे, म्हणजे अँपिअरचा दशलक्षांशाचा दशलक्षांश. सेकंदाच्या हजाराव्या भागात त्यातून जेमतेम सहा हजार इलेक्ट्रॉन जमा होतात. बाजूलाच पडद्याची तार दर काही मायक्रोसेकंदांनी पाच व्होल्टने वरखाली उड्या मारते. या दोन तारांमध्ये स्पर्श नाही, पण शेजार आहे, आणि शेजारच्या कुठल्याही दोन तारा मिळून नकळत एक छोटा कपॅसिटर तयार होतोच. समजा तो फक्त एक फेम्टोफॅरडचा आहे, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तरी पाच व्होल्टच्या एका उडीने त्यातून तीस हजारांवर इलेक्ट्रॉन ढकलले जातात. निरोप सहा हजारांचा, कुजबुज तीस हजारांची! अम्मीचा अंगठा या गदारोळात बोलत असतो.

पडदा, पाळी आणि आंधळा शेजारी

इलाज काय? अब्बांचे आणि भुसावळचेच.

पहिला इलाज दिशेचा. संवेदकाची तार आणि पडद्याची तार शक्यतो समांतर धावू द्यायची नाही. ओलांडायचंच तर काटकोनात आणि कमीत कमी जागेत.

दुसरा पडद्याचा. इथे मला थोडं हसू येतं, कारण आपल्या घरांत 'पडदा' या शब्दाचे अर्थ आधीच बरेच आहेत. दोन तारांच्या थरांमध्ये एक पारदर्शक वाहक थर घालतात आणि त्याला ठरावीक व्होल्टवर स्थिर बांधून ठेवतात. वरची तार कितीही उसळली तरी तो थर हलत नाही, म्हणून खालच्या तारेला काही कळत नाही. पण तो बांधलेला असावा लागतो. नुसता लटकता ठेवला तर तोच कुजबुज पुढे पोचवतो. अब्बा म्हणायचे, अर्थ न केलेला पत्रा म्हणजे नुसता डबा.

तिसरा पाळीचा. सगळ्या ओळी विणून झाल्या की पुढचं कापड सुरू होण्याआधी थोडी विश्रांती असते. एका ओळीतून दुसरीकडे जातानाही क्षणभर शांतता असते. पडद्याच्या तारा स्थिर असतात त्या क्षणांतच संवेदक वाचायचा. शिंपीकाकांनी पायडलवरून पाय काढायचा आणि मग गीतमाला ऐकायची, ती हीच रीत.

चौथा आंधळ्या शेजाऱ्याचा. काही संवेदकांवर मुद्दाम धातूचं झाकण घालतात. त्यांना उजेड दिसत नाही, पण विजेची कुजबुज मात्र शेजाऱ्याइतकीच ऐकू येते. डोळस संवेदकाच्या आकड्यातून आंधळ्याचा आकडा वजा केला की उरतो तो बराचसा उजेड. पीळ दिलेल्या तारांचा हा भाऊ. याच्याच जोडीला, मोजणी सुरू करण्याआधी एकदा आणि मोजून झाल्यावर एकदा वाचून फरक घेतात, म्हणजे आधीपासून साचलेला गाळ वजा होतो.

आता उरला बाहेरचा उजेड. खानदेशातलं मे महिन्यातलं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. एवढं ऊन बोटाच्या मांसातून आरपार येतं आणि संवेदकाला दिपवतं. त्यासाठी काही पडदे आपला दिवा लावून एक वाचन घेतात, विझवून दुसरं घेतात आणि वजाबाकी करतात. आपल्या दिव्याचा ठिपका उरतो, सूर्याचा निघून जातो. इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी दिवा झाकून हेच केलं होतं.

आणि शेवटचा इलाज सबुरीचा. एकदा वाचून भागत नसेल तर सोळा वेळा वाचा आणि सरासरी काढा. निरोप प्रत्येक वेळी तोच असतो, खरखर मात्र दर वेळी वेगळी. सोळा वाचनांच्या सरासरीत ती चौथ्या हिश्श्यावर येते. किंमत एकच, वेळ.

अंगठा कुणाचा

बोटांच्या ठशांच्या शास्त्रातही आपलं एक विसरलेलं नाव आहे. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. ठशांची वर्गवारी १०२४ खणांत बसवणारं गणित तिथले बंगाल पोलिसांतले काझी अझीझुल हक यांनी मांडलं आणि हेमचंद्र बोस यांनीही त्या कामात मोठी भर घातली. जगभर ती पद्धत मात्र त्यांच्या साहेबाच्या, एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली. जगाला अंगठा ओळखायला शिकवणाऱ्याची ओळख पटायला जगाला फार वेळ लागला.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले ते खानदेशातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. १९९८ पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. देशाने अंगठा ओळखायला सुरुवात केली ती आपल्या अंगणात. पण या अंगणातले अंगठे कसे आहेत? कापूस वेचणारे, केळीचे घड वाहणारे, विटा उचलणारे, कांड्या भरणारे. ज्यांना रेशनची गरज सगळ्यात जास्त, त्यांच्याच रेषा सगळ्यात पुसट.

रेशनच्या दुकानातलं यंत्र आणि माझ्या मोबाईलचा पडदा एक नाहीत. अशा अनेक यंत्रांत जाड काचेवर बोट दाबलं की रेषांचे उंचवटे काचेला टेकतात आणि तेवढ्या जागी उजेडाचं परावर्तन बदलतं. बोट कोरडं आणि सपाट असेल तर ते नीट टेकतच नाही. पण दोघांपुढचा प्रश्न एकच: इतकं क्षीण काही आलं तर त्याला रेषा म्हणायचं की खरखर? कुठेतरी एक उंबरठा ठरवावा लागतो. उंबरठा खाली ठेवला तर यंत्र भलत्यालाच आत घेईल. वर ठेवला तर खऱ्या माणसाला दारातून परत पाठवेल. खरखर काढायची चाळणी जितकी बारीक, तितक्या पुसट रेषाही तिच्यासोबत गाळल्या जातात. आणि उंबरठा ठरवणाऱ्याच्या टेबलावर बहुधा ज्यांनी कधी कांडी भरली नाही अशी बोटं असतात.

अम्मीचं म्हणणं शास्त्रालाही धरूनच होतं. रेषांचा मूळ साचा कातडीच्या आतल्या थरात असतो. वरचा थर झिजला तरी काम थांबल्यावर नवी कातडी त्याच साच्यावर येते. वयाने ती पातळ आणि कोरडी होते, उठाव कमी होतो, पण साचा जात नाही. रेषा 'गेलेल्या' नसतात. त्या हळू आवाजात बोलतात, एवढंच.

अर्थात सबुरीने सगळंच सुटतं असं नाही. जिथे कातडी खरोखरच सपाट झाली आहे तिथे हजार वेळा वाचूनही काही हाती लागणार नाही. तिथे डोळ्याचं बुबुळ, ओटीपी किंवा साधा माणसाचा शब्द असा दुसरा दरवाजा उघडा ठेवावाच लागेल. तो दरवाजा मेहेरबानी म्हणून नको, हक्क म्हणून हवा. शिवाय ज्या अम्मीच्या घरी मोबाईल धरणारा मुलगा नाही, तिच्या ओटीपीचं काय, हे कुणीतरी विचारायला हवं.

पुढच्या महिन्यात आम्ही दुपारी गेलो, रांग नसताना. मी ओलं फडकं नेलं होतं. अम्मीने बोटं पुसली, थोडा वेळ हात मुठीत धरून ऊब दिली आणि या वेळी अंगठ्याऐवजी मधलं बोट ठेवलं, कारण कांडीवर सूत धरायला ते बोट कमी लागायचं. दुकानदार म्हणाला, "घाई नाही चाची, दाबून ठेवा." पहिल्यांदा लाल. दुसऱ्यांदा लाल. तिसऱ्यांदा अम्मीने बोट बराच वेळ काचेवर तसंच ठेवलं आणि यंत्रातून पावती बाहेर यायला लागली.

रिक्षात बसल्यावर ती आपलं मधलं बोट बघत होती. म्हणाली, "तुझ्या अब्बांना रेडिओ लागायला याहून जास्त वेळ लागायचा."